किनाऱ्याला न शिवलेलं वादळ

२०१९ सालचं लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. त्याच दिवशी मुंबईपासून पाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, भर अरबी समुद्रात, ‘क्यार’ नावाचं चक्रीवादळ सुपर सायक्लोन झालं. भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीतली ही सर्वांत वरची पायरी आहे. वाऱ्याचा सलग वेग ताशी २२२ किलोमीटर किंवा त्याहून जास्त असेल तरच वादळाला ती मिळते. अरबी समुद्रात त्याआधी असं वादळ झालं होतं ते २००७ च्या जूनमध्ये, ओमानला झोडपून काढणारं ‘गोनू’. क्यार मात्र कुठल्याच देशाच्या किनाऱ्यावर चढलं नाही. सुरुवातीला ते भारताच्या दिशेने सरकलं, रत्नागिरीच्या पश्चिमेला सुमारे दोनशे किलोमीटरवर येऊन वळलं, अख्खा समुद्र आडवा ओलांडून ओमान-येमेनच्या बाजूला गेलं आणि अखेर सोमालियासमोरच्या पाण्यात विरून गेलं. जवळपास दहा दिवसांचं त्याचं सगळं आयुष्य पाण्यावरच सरलं.

अशा वादळाबद्दल आपण ‘टळलं’ असं म्हणतो आणि मोकळे होतो. वर्तमानपत्रांचं आणि वाहिन्यांचं लक्षही ‘धडकणार की नाही’ एवढ्याच प्रश्नावर असतं. पण चक्रीवादळ म्हणजे नेमकं काय, ते कशावर जगतं आणि कशाने मरतं, हे समजून घ्यायचं असेल तर क्यारसारखं वादळ फार मोलाचं आहे. जमिनीची अडवणूक मध्ये न आल्यामुळे त्याच्या जन्मापासून अंतापर्यंतचा सगळा हिशेब समुद्र आणि हवा यांच्यातच राहिला. शिवाय टळलेल्या वादळानेही कोकण-गोव्यात काय काय केलं हे पाहिलं, तर ‘टळलं’ हा शब्द किती अपुरा आहे तेही कळतं.

ऑक्टोबरचा समुद्र

वादळाची सुरुवात पाण्यात होते. अरबी समुद्र वर्षातून दोनदा तापतो. पहिल्यांदा एप्रिल-मेमध्ये, ऊन कडक असताना. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की ते समुद्र घुसळून काढतात, खालचं गार पाणी वर आणतात. आकाश ढगांनी भरलेलं असल्याने ऊनही कमी लागतं. त्यामुळे ऑगस्टपर्यंत पाणी बरंच निवलेलं असतं. सप्टेंबर सरता सरता वारे पडतात, आकाश निरभ्र होऊ लागतं आणि पाणी पुन्हा तापायला लागतं. जमिनीवर आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून कपाळावरचा घाम पुसत असतो, त्याच सुमारास समुद्रातही उष्णता साठत असते.

चक्रीवादळ तयार व्हायला पृष्ठभागाचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असावं लागतं, आणि तेही नुसतं वरवर नाही. वाऱ्याने लाटा उसळल्या की वरचं आणि खालचं पाणी एकत्र होतं. गरम पाण्याचा थर पातळ असेल तर पहिल्याच घुसळणीत तो संपतो. म्हणून निदान पन्नासेक मीटर खोलीपर्यंत ऊब असणं गरजेचं आहे.

मग ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, अरबी समुद्रात वादळं जवळपास होतच नाहीत, ती का? याचं मुख्य कारण पाण्यापेक्षा वाऱ्यात आहे. त्या काळात खालच्या थरात पश्चिमेकडून जोरदार वारे येत असतात, आणि चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर तितक्याच जोराने पूर्वेकडून वारे वाहत असतात. वादळाचा उभा स्तंभ खाली एका दिशेने ढकलला जातो आणि वर दुसऱ्या, त्यामुळे तो उभाच राहू शकत नाही. वेगवेगळ्या उंचीवरच्या वाऱ्यांतला हा फरक जेव्हा कमी असतो, तेव्हाच वादळाला डोकं वर काढता येतं. मोसमी पाऊस येण्याआधीचे आणि परतल्यानंतरचे काही आठवडे असे असतात. म्हणून अरबी समुद्राचे वादळी हंगाम दोन: मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर.

२०१९ मध्ये या नेहमीच्या गणितात भर पडली होती. पावसाळा लांबला होता. देशातून मोसमी वारे परतायला ९ ऑक्टोबरला सुरुवात झाली, आणि इतक्या उशिरा ती झाल्याची नोंद त्याआधी नव्हती. त्याच वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा गरम आणि सुमात्राकडचा पूर्व भाग नेहमीपेक्षा गार झाला होता. या स्थितीला शास्त्रज्ञ ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणतात. २०१९ चा डायपोल आजवर नोंदलेल्या सर्वांत जोरदार डायपोलांपैकी एक होता. वायू, हिक्का, क्यार, महा आणि पवन अशी पाच चक्रीवादळं त्या वर्षी एकट्या अरबी समुद्रात झाली. याआधी एका वर्षात पाच वादळं झाल्याची नोंद होती ती १९०२ सालची.

ढगांच्या गर्दीतून भोवरा

गरम पाणी आणि शांत वरचे वारे मिळाले म्हणजे वादळ झालंच असं नाही. समुद्रावर ढगांचे पुंजके रोज जमतात आणि रोज विरतात. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ विल्यम ग्रे यांनी १९६८ मध्ये जगभरातल्या वादळांच्या जन्मस्थानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुठल्या परिस्थितीत वादळं जन्मतात याची शिस्तशीर मांडणी त्यांच्या कामातून पुढे आली. गरम पाणी आणि वाऱ्यांतला कमी फरक यांच्या जोडीला त्यात आणखी काही अटी आहेत. मधल्या थरातली हवा दमट हवी, तिथे आधीपासून थोडाफार भोवरा हवा, आणि जागा विषुववृत्तापासून पुरेशी दूर हवी.

मधल्या थरातल्या दमटपणाची अट बारकाईने पाहण्यासारखी आहे. पाच किलोमीटर उंचीवर हवा कोरडी असेल तर ढगातून पडणारे थेंब वाटेतच वाळू लागतात. थेंब वाळताना भोवतालची हवा गार होते, जड होते आणि खाली कोसळते. ही गार हवा समुद्रावर पसरली की ज्या उबदार, दमट हवेवर ढग पोसला जात होता ती हवाच तुटते. म्हणजे कोरड्या हवेत ढगाचा पाऊसच ढगाला मारतो. एकामागून एक ढग असे मरत मरत मधला थर ओला करत जातात. तो पुरेसा ओला झाला, की मग पुढचे ढग टिकायला लागतात. बाहेरून बघणाऱ्याला या दिवसांत काहीच घडत नाहीये असं वाटतं, पण वादळाची खरी पूर्वतयारी हीच असते.

विषुववृत्तापासून दूर असण्याची अट पृथ्वीच्या फिरण्याशी जोडलेली आहे. कमी दाबाकडे चहूबाजूंनी हवा धावते. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळत जाते आणि केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. विषुववृत्तावर हे वळण शून्य असतं. साधारण पाच अंशांच्या पुढे ते कामाला येतं.

या वळणातून किती वेग निर्माण होऊ शकतो याचा साधा हिशेब मांडता येतो. पणजी-वेंगुर्ल्याच्या आसपासचा, म्हणजे साधारण १५ अंश अक्षांश घेऊ. केंद्रापासून ३०० किलोमीटरवर हवा अगदी स्थिर उभी आहे असं समजू. ही हवा केंद्रापासून ३० किलोमीटरवर ओढली गेली आणि वाटेत घर्षण झालंच नाही, तर तिथे पोचेपर्यंत तिचा फिरण्याचा वेग ताशी सुमारे २०० किलोमीटर होतो. प्रत्यक्षात समुद्राशी होणाऱ्या घर्षणात त्यातला बराचसा वेग खर्च होतो, म्हणून हवा त्याहून दूरवरून ओढली जावी लागते. पण वादळातल्या त्या भयंकर वेगाचं मूळ पृथ्वीच्या रोजच्या फिरण्यात आहे, ही गोष्ट यातून स्पष्ट होते.

२४ ऑक्टोबरला पूर्वमध्य अरबी समुद्रात हवामान खात्याने ‘डिप्रेशन’ जाहीर केलं, म्हणजे सलग वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर. तो ५० च्या वर गेला की ‘डीप डिप्रेशन’, आणि ६२ झाला की चक्रीवादळ. ही पायरी गाठली की वादळाला नाव मिळतं. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांना तिथल्या देशांनी सुचवलेली नावं क्रमाने दिली जातात. २५ ऑक्टोबरला आलेलं नाव म्यानमारने सुचवलेलं होतं: क्यार.

वाफेचा हिशेब

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे त्या उष्णतेकडे वळू. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख जूल उष्णता लागते. हजार वॅटची विजेची शेगडी चाळीस मिनिटं चालू ठेवली तर जेवढी उष्णता मिळेल तेवढी. समुद्रावरून वारा वाहतो तेव्हा पाण्याची वाफ होते आणि ही उष्णता समुद्रातून निघून वाफेत लपते. लपते असं म्हणायचं कारण, तापमापकात ती दिसत नाही. वाफ वर जाते, गार होते, तिचे पुन्हा थेंब होतात, आणि त्या क्षणी लपलेली सगळी उष्णता भोवतालच्या हवेत मोकळी होते.

एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढ्या पावसासाठी वर मोकळी झालेली उष्णता साडेसहा कोटी युनिट विजेइतकी भरते. वादळाचा पाऊस हजारो चौरस किलोमीटरवर पडत असतो. ही सगळी उष्णता वाऱ्यात उतरत नाही, तिचा छोटासा वाटाच वारा होतो. तरीही त्या छोट्या वाट्याने केवढा वारा होतो ते आपण पाहतोच.

उष्णतेचं वाऱ्यात रूपांतर कसं होतं, याचा स्वच्छ खुलासा अमेरिकी शास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी १९८६ मध्ये मांडला. खाली समुद्र २८-२९ अंशांवर असतो. वर पंधरा-सोळा किलोमीटरवर, जिथे वादळातून हवा बाहेर पसरते, तिथे तापमान शून्याखाली सत्तर अंशांहून कमी असतं. गरम आणि गार अशा दोन टोकांमध्ये उष्णता वाहू लागली की तिच्यातून काम करून घेता येतं. वाफेच्या इंजिनाचं तत्त्व तेच आहे. आणि इथे एक चक्र स्वतःला वाढवत जातं. वारा वाढला की बाष्पीभवन वाढतं, बाष्पीभवन वाढलं की वर मोकळी होणारी उष्णता वाढते, त्यामुळे केंद्रातला दाब आणखी उतरतो, आणि दाब उतरला की वारा आणखी वाढतो.

क्यारमध्ये हे चक्र किती झपाट्याने फिरलं ते आकड्यांवरूनच दिसतं. २५ ऑक्टोबरला नुकतंच चक्रीवादळ झालेलं क्यार २७ ला सुपर सायक्लोन होतं. ताशी साठ-पासष्ट किलोमीटरवरून दोनशे बावीसच्या पुढे जायला त्याला दोन दिवस पुरले. पुढे ते ताशी २४० किलोमीटरपर्यंत पोचलं. केंद्रातला दाब ९२२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला. समुद्रसपाटीवर एरवी हा दाब हजाराच्या थोडा वर असतो. इतक्या वेगाने बळावणारी वादळं ही आज जगभरच्या अंदाजकर्त्यांची मोठी काळजी आहे. रात्री मध्यम दिसणारं वादळ सकाळी राक्षसी झालेलं असू शकतं.

डोळा

जोर वाढला की केंद्राभोवतीची हवा इतक्या वेगाने फिरू लागते की तिला मध्यापर्यंत पोचताच येत नाही. ती केंद्रापासून काही अंतरावरच वर वळते. तिथे ढगांची गोल भिंत उभी राहते. सर्वांत भीषण वारा आणि सर्वांत मुसळधार पाऊस याच भिंतीत असतो. भिंतीच्या आत मात्र हवा हळूहळू खाली उतरते. खाली उतरताना ती दाबली जाते, तापते, कोरडी होते, आणि ढग विरून जातात. हाच वादळाचा डोळा. त्याचा व्यास बहुतेकदा तीस ते साठ किलोमीटर असतो, काही वादळांत त्याहून कमी किंवा जास्त. दहा किलोमीटर उंचीवर डोळ्यातली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा दहा अंशांहून अधिक गरम असू शकते. गरम हवा हलकी असते, म्हणून तिच्याखाली समुद्रावरचा दाब इतका उतरतो.

भर समुद्रात हे सगळं मोजायचं कसं? अमेरिकेत विमानं वादळात शिरून मोजमाप करतात. आपल्याकडे अशी नेहमीची सोय नाही. मुख्य भिस्त इन्सॅटसारख्या उपग्रहांवर असते. उपग्रहाच्या छायाचित्रात ढग कसे वळलेत, डोळा किती स्पष्ट आहे, भोवतीच्या ढगांचे माथे किती गार आहेत यावरून वाऱ्याचा वेग ठरवण्याची पद्धत व्हर्नन ड्वोराक यांनी १९७० च्या दशकात घालून दिली. क्यारचे आकडे मुख्यतः याच वाटेने आलेले आहेत.

वळण

वादळ स्वतः दोनशे किलोमीटर वेगाने फिरत असलं तरी पुढे सरकतं ते ताशी दहा-वीस किलोमीटरच्याच आसपास. त्याची दिशा भोवतालचे मोठे वारे ठरवतात. त्यात पृथ्वीच्या गोलाईमुळे वायव्येकडे झुकण्याची थोडी भर पडते. उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांचा खळगा आला तर वादळ उत्तरेकडे, ईशान्येकडे ओढलं जातं. उत्तरेला जास्त दाबाचा पट्टा उभा राहिला तर ते पश्चिमेकडे ढकललं जातं. क्यार आधी किनाऱ्याकडे सरकलं आणि मग पश्चिम-वायव्येला वळलं ते अशाच बदलामुळे. कोकणाच्या दृष्टीने हे वळण महत्त्वाचं ठरलं. सर्वाधिक जोर त्याने धरला तो वळल्यानंतर, किनाऱ्यापासून दूर जाताना.

वादळ कुठल्या बाजूला आहे हे भर समुद्रात कुठल्याही यंत्राशिवाय ओळखण्याचा जुना नियम दर्यावर्दींना ठाऊक आहे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, की कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला असतं. डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. क्यार पश्चिमेला असताना कोकण किनाऱ्यासमोर दक्षिणेकडून वारा होता. दक्षिणेच्या वाऱ्याकडे पाठ केली की तोंड उत्तरेला, आणि डावा हात थेट पश्चिमेला, वादळाकडे.

अंत

जमिनीवर चढलेलं वादळ का मरतं हे समजायला सोपं आहे, त्याच्याखालचं पाणीच संपतं. क्यारच्या खाली पाणी शेवटपर्यंत होतं. तरी २९ ऑक्टोबरपासून त्याचा जोर उतरू लागला आणि ३१ पर्यंत ते सुपर सायक्लोनवरून साध्या चक्रीवादळावर आलं.

अशा वेळी तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली वादळाने स्वतःच केलेली असते. गोल फिरणारा वारा पृष्ठभागाचं पाणी केंद्रापासून बाहेर लोटतो आणि ती जागा भरायला खालून गार पाणी वर येतं. शिवाय लाटांची घुसळण असतेच. वादळाच्या वाटेवर मागे गार पाण्याचा पट्टा उरतो. तिथे पृष्ठभागाचं तापमान काही अंशांनी उतरलेलं असतं. वादळ झपाट्याने पुढे गेलं तर हे गार पाणी मागे राहतं. ते रेंगाळलं तर त्याला आपल्याच गारठ्यावर उभं राहावं लागतं.

दुसरी गोष्ट अरबस्तानची कोरडी हवा. पश्चिमेकडे सरकणाऱ्या वादळात वाळवंटावरची हवा शिरते आणि जन्माच्या वेळी ज्या कोरडेपणाशी ढग झगडत होते, तोच पुन्हा आतून पोखरू लागतो. तिसरी गोष्ट वरच्या वाऱ्यांची. हिवाळ्याकडे सरकताना वरचे पश्चिमी वारे दक्षिणेकडे उतरतात, वादळाचा वरचा भाग एकीकडे ढकलतात आणि उभा स्तंभ तिरका होतो. डोळा बुजतो, ढग एका बाजूला सरतात, आणि शेवटी ढग नसलेला नुसता भोवरा समुद्रावर फिरत राहतो. क्यारचं असंच झालं. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सोमालियाजवळच्या समुद्रात ते संपलं.

टळलेल्या वादळाने काय केलं

२४ ऑक्टोबरला, म्हणजे क्यारला नाव मिळण्याच्याही आधी, खवळलेल्या समुद्रात मुरगाव बंदरातलं ‘नु शी नलिनी’ हे नाफ्त्याने भरलेलं, माणसं नसलेलं जहाज वाहत जाऊन दोनापावलजवळ खडकांत अडकलं. नाफ्ता ज्वालाग्राही असल्याने गोव्याला पुढे बरेच दिवस त्याची चिंता करावी लागली. भर समुद्रात बुडू लागलेल्या मासेमारी बोटीवरच्या १७ जणांना नौदलाच्या आयएनएस तेग या युद्धनौकेने वाचवलं. बंदरांवर धोक्याचे बावटे चढले होते, होड्या आसऱ्याला खाडीत शिरल्या होत्या.

कोकणात तेव्हा भातकापणीचे दिवस होते. कापलेलं भात शेतात पडलेलं आणि उभं पीक लोंब्यांनी वाकलेलं. त्यावर पाऊस पडला. पाण्यात पडून राहिलेल्या लोंब्यांना कोंब फुटतात. मग दाणा खायच्या उपयोगाचा राहत नाही आणि पेंढाही कुजतो. ज्या शेतकऱ्याचं वर्षाचं भात असं गेलं, त्याला वादळाचा डोळा दोनशे किलोमीटर दूर होता हे सांगून काय उपयोग?

दूरच्या किनाऱ्यांनाही क्यार पोचलं ते लाटांमधून. वादळात उठलेल्या लांब लाटा वादळापेक्षा वेगाने पुढे निघतात. चौदा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांची रांग खोल समुद्रात ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने प्रवास करते, म्हणजे हजार किलोमीटर साधारण एका दिवसात. आकाश निरभ्र असताना, वारा पडलेला असताना या लाटा किनाऱ्यावर येऊन आदळतात. भरतीची वेळ साधली तर पाणी रस्त्यावर येतं. क्यारच्या लाटांनी कराचीच्या किनारी वस्त्यांत, संयुक्त अरब अमिरातींतल्या फुजैरा-कल्बा भागात आणि ओमानच्या किनाऱ्यावर पाणी शिरलं. यातल्या कुठल्याही ठिकाणी वादळ ‘धडकलं’ नव्हतं.

समुद्राच्या आतही वादळाच्या खुणा राहतात. खालून वर आलेल्या गार पाण्याबरोबर पोषक द्रव्यं येतात आणि सूर्यप्रकाशात सूक्ष्म वनस्पतींची, म्हणजे वनस्पतिप्लवकांची, झपाट्याने वाढ होते. नोव्हेंबर २००९ मध्ये अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आलेल्या ‘फयान’नंतर गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अरबी समुद्रात नेमकं हेच नोंदलं: पृष्ठभाग गार झाला आणि पाण्यातलं हरितद्रव्य वाढलं. समुद्रातल्या अन्नसाखळीचा पाया या वनस्पतिप्लवकांवरच उभा आहे.

बदलता समुद्र आणि आपले प्रश्न

बंगालचा उपसागर वादळांचा आणि अरबी समुद्र त्यामानाने शांत, असं आपण शाळेत शिकलो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे चित्र बदलताना दिसतं. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी. बंगालच्या उपसागरातली संख्या त्याच काळात ८ टक्क्यांनी घटली. या वाढीची सांगड संशोधकांनी तापत चाललेल्या समुद्राशी आणि हवेतल्या वाढत्या बाष्पाशी घातली आहे. ज्या उबेवर क्यार पोसलं ती ऊब वाढत चालली आहे.

म्हणून वादळाची बातमी वाचताना आपले प्रश्न बदलायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. ‘कुठे धडकणार’ हा प्रश्न आवश्यक आहेच, पण तो एकटा पुरत नाही. किनाऱ्यासमोरचा समुद्र किती खवळणार आहे? लाटा कधी आणि किती उंचीच्या येणार आहेत, आणि त्या वेळी भरती आहे का? पाऊस किती दिवस राहणार आहे, आणि त्या दिवसांत शेतात काय उभं आहे? हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांचे आणि समुद्राच्या स्थितीचे इशारे देते, हवामान खातं जिल्हावार पावसाचा अंदाज देतं. माहिती आहे. ती पोचायला हवी आणि आपण ती मागायलाही हवी.

सर्वांत कठीण पोचवणी खोल समुद्रात गेलेल्या बोटींपर्यंतची आहे. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे मोबाइल चालत नाही. २०१७ मधल्या ‘ओखी’ वादळात केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार शेकडो किलोमीटर वाहत गेले. त्यांतल्या ६८ बोटी आणि ९५२ माणसं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागली. अनेकजण मात्र परतलेच नाहीत. उपग्रहामार्फत बोटीवर इशारे पोचवणारी ‘जेमिनी’ ही व्यवस्था ऑक्टोबर २०१९ मध्येच, क्यारच्या काही दिवस आधी सुरू झाली. अशी साधनं प्रत्येक तांडेलाच्या हातात असणं आणि त्यावरचा इशारा त्याच्या भाषेत असणं, हे बंदरावरच्या धक्क्याइतकंच पायाभूत काम आहे.

चक्रीवादळाचं बहुतेक आयुष्य समुद्रावर जातं. जमिनीला टेकणं ही त्यातली एक घटना आहे, आणि क्यारसारख्यांच्या बाबतीत ती घडतही नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या, मासे पकडणाऱ्या आणि भात पिकवणाऱ्या माणसाला मात्र वादळाच्या सगळ्याच दिवसांना तोंड द्यावं लागतं. इशारे, तयारी आणि नुकसानभरपाई ठरवताना नकाशावरच्या एका ठिपक्यापेक्षा या सगळ्या दिवसांचा आणि सगळ्या पट्ट्याचा विचार झाला पाहिजे.